दुसरे हेल्मेट

घोडेस्वारीच्या तासाला डोक्यावर टोपी नसेल तर आमचे उस्ताद रिकिबीत पाय ठेवू देत नाहीत. घोडा नुसता चालवायचा असला तरी नियम तोच. आणि हाच मी सुट्टीत गावच्या एसटी स्टँडवर उतरलो की बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसतो, उघड्या डोक्याने. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट असते. माझ्यासाठी दुसरे आणावे हे आजवर त्यांनाही सुचले नाही, मलाही नाही.

वक्तृत्व स्पर्धेसाठी अपघातांचे आकडे जमवताना हे खटकले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांनुसार २०१० साली देशात १,३४,५१३ माणसे रस्त्यावर मेली. २०१५ च्या ब्राझिलिया घोषणापत्राद्वारे आपण हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे मान्य केले. झाले उलटेच. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे आकडा खाली आला, तेवढाच दिलासा. २०२१ मध्ये १,५३,९७२, २०२२ मध्ये १,६८,४९१ आणि २०२३ मध्ये १ लाख ७२ हजारांच्या वर. म्हणजे रोज ४७० हून अधिक.

कारगिल युद्धात आपले ५२७ जवान हुतात्मा झाले. बलिदानाशी मी तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. पण युद्ध संपताच सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुठे काय चुकले ते शोधले. रस्त्यावर जवळपास तेवढीच माणसे दररोज जातात, आणि आपण म्हणतो, "त्याची वेळ भरली होती."

मित्रांनो, मला हे पटत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले. त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते, माझ्यासारखे. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मागच्यालाही. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग दिले आहे. मला वाटते, पंचनाम्यात वेग चटकन लिहिला जातो. चुकीचे वळण किंवा अंधारातला दुभाजक लिहायला कोणी बसत नाही. तेही लिहिले गेले पाहिजे.

२०१८ सालच्या अपघातांची किंमत सरकारी अभ्यासात १,४७,११४ कोटी रुपये धरली होती. एवढी रक्कम माझ्या डोळ्यांपुढे उभीच राहत नाही. त्यापेक्षा जागतिक बँकेची २०२१ ची पाहणी लवकर कळते: अपघात झालेल्या दर चार गरीब कुटुंबांपैकी तिघांचे उत्पन्न घटले. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की आधी दागिना जातो, मग जमीन, मग मुलाची शाळा.

गेल्या रविवारी घरी फोन लावला, तेव्हा बाबांना दुसरे हेल्मेट घ्यायला सांगितले. ते हसले. म्हणाले, "स्टँडपासून घर दीड किलोमीटर. त्याला कशाला हेल्मेट?"

मी म्हटले, "मग बाबा, मी चालत येईन. तुम्ही फक्त बॅग घेऊन जा."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी माझ्या डोक्याचे माप विचारले.