कल्पित कथा आणि खरी वस्ती



एका माणसाने गुन्हा केला तर शिक्षा त्या माणसाला होते. परंतु त्याच्यासाठी त्याच्या साऱ्या समाजाला गुन्हेगार ठरवावे, असा निवाडा कोणत्या न्यायासनाने दिला आहे? दक्षिण कोरियातील एका चित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही आपणापुढे ठेवीत आहोत. कोरियन चित्रपट आता आपल्या घरांतही पाहिले जातात. तेव्हा ते कोणत्या दृष्टीने पाहावेत, याचा विचार आपणच केला पाहिजे.

'मिडनाइट रनर्स' हा चित्रपट ऑगस्ट २०१७ मध्ये पडद्यावर आला. ५० लाखांहून अधिक तिकिटे खपली. पोलीस विद्यापीठाचे दोन विद्यार्थी एका मुलीचे अपहरण पाहतात व माग काढीत सोल शहरातील देरिम-दोंग या वस्तीत येतात. घरातून पळालेल्या मुलींना डांबून त्यांची स्त्रीबीजे विकणारी टोळी त्यांना तेथे सापडते. ही टोळी जोसॉनजोकांची, म्हणजे चीनमधून आलेल्या कोरियन वंशाच्या लोकांची. येथे पोलिसही सहसा पाऊल टाकीत नाहीत, असे एक टॅक्सीवाला त्या तरुणांना बजावतो.

हे जोसॉनजोक कोण? दारिद्र्याने व पुढे जपानी राजवटीने गांजलेले त्यांचे पूर्वज कोरिया सोडून मांचुरियात गेले. १९९२ मध्ये दक्षिण कोरिया व चीन यांचे राजनैतिक संबंध जुळले आणि त्यांचे वंशज पोटासाठी परत येऊ लागले. बांधकामावर, खानावळीत, आजाऱ्यांच्या उशाशी तेच राबतात. पूर्वजांच्याच भूमीत ते परके ठरले!

कोणी म्हणेल, 'ही तर कल्पित कथा आहे. एवढे मनाला का लावून घ्यावे?' कथा कल्पित, मग वस्तीचे नाव खरे का? प्रेक्षकाला भय खरे वाटावे म्हणून खरे नाव, खरा समाज घ्यावयाचा. आणि जाब विचारला की कल्पनेच्या आड दडावयाचे! सत्याचा लाभ आणि कल्पिताचा बचाव, दोन्ही एकाच हाताने घेता येत नाहीत.

जोसॉनजोक गुन्हेगार पडद्यावर दाखवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. त्याच वर्षीच्या 'द आउटलॉज' मध्येही खलनायक त्याच समाजाचे आहेत. परंतु टोळीला विटलेले व पोलिसांना साथ देणारे त्या वस्तीतील रहिवासीही तेथे दिसतात. तथापि त्यातील मुख्य खलनायकाची भूमिकाही दक्षिण कोरियन नटानेच केली. ज्यांची बोली उसनी घेतली जाते, त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधी केव्हा मिळणार?

देरिम-दोंगचे लोक मात्र रडत बसले नाहीत. साठांहून अधिक जणांनी निर्मात्या कंपनीविरुद्ध दावा लावून १० कोटी वोन भरपाई मागितली. २०१८ मध्ये ते हरले. तरीही ते अपिलात गेले. २०२० मध्ये अपील न्यायालयाने समेट सुचविला: कंपनीने क्षमा मागावी आणि पुढील चित्रपटांत द्वेषाची भाषा येणार नाही याची काळजी घ्यावी. कंपनीने क्षमा मागितली. चित्रपटावर बंदी आली नाही, कोणाची लेखणी मोडली गेली नाही. केवळ लेखणीला जबाबदारीची जाणीव दिली गेली.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी पडद्यावर एखादी 'भयंकर वस्ती' दिसली, तर क्षणभर थांबा. त्या वस्तीत पहाटे कामावर जाणारी बाई दिसते काय? शाळेला निघालेले मूल दिसते काय? ती दिसत नसतील, तर ती तेथे नाहीत असे समजू नका. त्यांना वगळले आहे असे समजा. आणि हे आपल्या मुलांनाही शेजारी बसवून सांगा. टाळी वाजविण्यापूर्वी विचार करणे, हे प्रेक्षकाचेही कर्तव्य आहे.