पथ्य एकाचे, फडताळ घराचे

दिवाळी उलटून आठ-दहा दिवस झालेले असतात. पाहुणे परतलेले असतात, आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेलेला असतो आणि फराळाचे डबे निम्म्यावर आलेले असतात. सणापायी लांबणीवर टाकलेली रक्ततपासणी करून घेण्याची आठवण अनेक घरांतील कर्त्या गृहस्थांना नेमकी याच सुमारास होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेसहाच्या पुढे गेल्याचे कळते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, रोज चालण्यास सांगतात आणि गोड, तळलेले व मैद्याचे पदार्थ बंद करण्याची ताकीद देतात. गृहस्थ घरी येऊन आपला निश्चय जाहीर करतात. मग फडताळ उघडले जाते. तेथे पाऊण डबा शंकरपाळे, तेवढीच शेव, तळाशी गेलेला चिवडा, कोणीतरी भेट दिलेला मिठाईचा न उघडलेला खोका, पाच किलो साखर, मैद्याचा पुडा आणि वनस्पती तुपाची पिशवी असा ऐवज नांदत असतो. काय खाऊ नये हे डॉक्टरांनी सांगितलेले असते. जे घरात आधीच येऊन बसले आहे त्याचे काय करावे, हे मात्र कोणीच सांगितलेले नसते.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु पथ्याचे निश्चय दवाखान्यात मोडत नाहीत, ते फडताळापाशीच मोडतात, हे ज्यांनी असे निश्चय केले आहेत त्यांना ठाऊक आहे. रात्री दहा वाजता बाजारात जाऊन शंकरपाळे विकत आणण्याइतका उत्साह फारच थोड्यांपाशी असतो. हाताशी असलेला डबा उघडायला मात्र उत्साह लागत नाही, सवय पुरते.

या पेचावर मध्यमवर्गीय घरांत सर्वांत आधी निघणारा तोडगा म्हणजे ‘आहे तेवढे संपवू, मग पथ्य सुरू करू.’ या वाक्याला काटकसरीचा आणि शहाणपणाचा सुगंध आहे, म्हणून त्याला सहसा कोणी विरोध करीत नाही. पण ‘आहे तेवढे’ कधी संपत नाही. दिवाळीचे डबे घासून पालथे पडतात न पडतात तोच संक्रांतीची तिळाची वडी तयार असते. तिच्यामागे होळीची पुरणपोळी आणि पाडव्याचे श्रीखंड. मधल्या रिकाम्या दिवसांत बारसे, साखरपुडा, कचेरीतील कोणाची तरी बढती. आपल्या पंचांगाने फडताळ ओस पडण्यास फारशी फट ठेवलेली नाही. शिवाय हिशेबही पाहण्यासारखा आहे. वरून घातलेली आणि तत्सम साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास पाच टक्क्यांवर आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच सपाट चमचे. तीन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्या कारकुनाची ही मर्यादा शंकरपाळ्याच्या डब्याला हात लागण्यापूर्वीच ओलांडली गेलेली असते. ही मर्यादा निरोगी माणसाची. मधुमेह झालेल्याने तेथवर जाण्याचेही कारण नाही.

मग टाकून का देत नाहीत? येथे मात्र घाईने हसण्याचे कारण नाही. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीच्या मनात अन्न टाकण्याविषयी जो संकोच आहे, तो निव्वळ संस्कारांचा नाही, अनुभवाचा आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा सोमवारची रात्र उपाशी काढणारी घरे महाराष्ट्रात होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली आणि शिधापत्रिकेवर परदेशची तांबडी मिलो ज्वारी पदरात पडली. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी ती कोणी टाकली नाही. साखरेसाठी पिशवी घेऊन तास-तास रांगेत उभे राहिलेल्या माणसाला, तीच साखर घातलेले शंकरपाळे कचऱ्याच्या बादलीत ओतायला सांगणे सोपे नाही. त्याचा संकोच आजच्या जगालाही काही शिकवू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगातील घराघरांतून सुमारे ६३ कोटी टन अन्न वाया गेले. भारतातील घरांचा वाटा दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो धरला आहे.

तथापि या संकोचात एक चूक दडलेली आहे. भूक नसताना, किंबहुना वैद्याने मना केलेले असताना, खाल्लेले अन्न वाचत नाही. त्यातील गहू शेतात परत जात नाही की तेल घाण्यात. नासाडी झाली ती चार माणसांच्या घरात चौदा माणसांचे शंकरपाळे तळले गेले त्या दुपारीच. पुढे ते बादलीत गेले काय आणि अपथ्य म्हणून पोटात गेले काय, हिशेब बदलत नाही. दुसऱ्या वाटेने औषधांचा खर्च मात्र वाढतो.

टाकवत नाही आणि कर्त्या पुरुषाने खायचे नाही, असे ठरल्यावर डबे कोठे जातात, हे पाहणे उद्बोधक आहे. ते प्रथम घरातील बाईच्या ताटात जातात. आपल्या भाषेत उष्टे, खरकटे, शिळे आणि उरलेले असे चार वेगळे शब्द आहेत. स्वयंपाकघरात या चारांपैकी दोघांचा तरी धनी बहुधा एकच असतो. सकाळची पोळी संध्याकाळी कोण खातो, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात कोणाच्या पानात जातो, हे विचारण्याची गरज पडत नाही. गृहस्थांना भाकरी आणि पालेभाजी वाढून झाली की ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणत त्यांच्या वाटचे लाडू गृहिणी चहाबरोबर संपवते. तिची रक्ततपासणी कोणी केलेली नसते. ती निरोगी आहे हे गृहीत धरण्यात आले आहे, कारण ती कधी आजारी पडून राहिलेली कोणाला आठवत नाही. एकाच्या पथ्यापायी घरात दोन स्वयंपाक सुरू होतात, ते दोन्ही तीच करते, आणि दोन्हींतले उरलेलेही तिच्याच वाट्याला येते. दोन-चार वर्षांनी तिचाही आकडा वर गेला की घरातील सर्वांना आश्चर्य वाटते.

तिच्याकडूनही जे संपत नाही ते दाराशी जाते. धुणेभांडी करणाऱ्या बाईला, जिना झाडणाऱ्याला, इमारतीच्या पहारेकऱ्याला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, किंचित खवट वास येऊ लागलेला चिवडा ‘मुलांना ने’ म्हणून हातावर ठेवला जातो आणि देणाऱ्याला दुहेरी समाधान लाभते: अन्न वाया गेले नाही आणि दानही घडले. ज्या पदार्थाला घरधनी सकाळी विष म्हणाला, तोच दुपारी दुसऱ्याच्या घरी प्रसाद कसा होतो, हे कोडे उलगडून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. यामागे एक जुनी समजूत आहे. मधुमेह हा खुर्चीत बसणाऱ्यांचा रोग. कष्ट करणाऱ्याला काही होत नाही, त्याला सगळे पचते. ही समजूत आता टिकणारी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाने देशभर झालेल्या पाहणीतील पंधरा राज्यांचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या थरातच अधिक आढळू लागले आहे, असे त्यांत स्पष्ट नोंदविलेले होते. त्याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला तपासणीला जायचे तर दिवसाचा खाडा पडतो. तिचा आकडा कळतो तो बहुधा पायाची जखम महिनाभर भरून आली नाही म्हणजे. शिवाय तिला नको म्हणता येत नाही. गृहस्थ डॉक्टरांचे नाव सांगून लाडू नाकारू शकतात. तिने चिवडा नाकारला तर तिला माज आला, असे ठरते.

यावर कोणी म्हणेल की मग गोरगरिबांना काही द्यायचेच नाही काय? द्यावे, अवश्य द्यावे. पण देण्याचा दिवस कोणता, हे पाहावे. फराळ केला त्याच दिवशी, घरच्यांच्या आधी नाही तरी घरच्यांबरोबर, ताज्या पदार्थांचे ताट बाईच्या हाती गेले तर ते सणाचे वाटप आहे. तोच फराळ बाराव्या दिवशी, घराला तो नकोसा झाल्यावर गेला तर ते फडताळाची साफसफाई आहे. दोन्ही कृत्यांना एकच नाव देऊ नये.

फडताळातील वस्तूंकडे थोडे विवेकाने पाहिले तर पेच बराचसा सुटतो, कारण तेथील सगळेच काही विष नसते. तांदूळ, पोहे, साबुदाणा, साखर ही साधी शिधासामग्री आहे. एकाला ती मोजून खायची आहे, म्हणून ती दुसऱ्याला अपायकारक ठरत नाही. न उघडलेला पोह्यांचा पुडा शेजारी, नातलगाकडे किंवा एखाद्या विद्यार्थी वसतिगृहात खुशाल द्यावा. ‘आमच्याकडे आता लागत नाही, तुम्हाला चालेल का?’ असे विचारून द्यावा, म्हणजे घेणाऱ्यालाही नको म्हणण्याची सोय राहते. कोरड्या डब्यात ठेवलेली साखर काही नासत नाही. चहात दोनाऐवजी अर्धा चमचा पडू लागला की महिन्याची पाच किलो कित्येक महिने पुरेल आणि तेवढे महिने वाण्याच्या यादीत साखर लिहावी लागणार नाही. (प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिल्यापासून ज्या राज्याचे निम्मे राजकारण उसाच्या मोळीवर बसून चालत आले, तेथे साखरेचा डबा भरलेला असणे हे घराच्या सुस्थितीचे लक्षण मानले जावे, यात नवल नाही.)

खवट झालेला चिवडा, चार वेळा तापवून काळे पडलेले तळणीचे तेल, बुरशीचा डाग दिसू लागलेली मिठाई यांची गोष्ट वेगळी. हे पदार्थ कोणाच्याच पोटात जाऊ नयेत, माणसाच्या नाही आणि गायीच्याही नाही. तळून उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरून संपवावे आणि त्यात पुन्हा तळू नये, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे. उपाहारगृहांना तर एका मर्यादेपलीकडे खराब झालेले तेल वापरण्यास २०१८ पासून कायद्यानेच बंदी आहे. घरच्या कढईवर निरीक्षक येत नाही एवढाच फरक. असे तेल मोरीत न ओतता जुन्या वर्तमानपत्रात टिपून कचऱ्यात द्यावे. वनस्पती तुपाविषयी कायदा कडक झाला आहे. २०२१ साली तीन टक्के आणि २०२२ पासून दोन टक्के, याहून अधिक ट्रान्स मेद तेलातुपात असू नये असे बंधन आले. तेव्हा आजची पिशवी पूर्वीच्या डब्याइतकी घातक नाही. तरीही तिच्यातील घट्ट मेद हृदयाला मानवणारा नव्हे, आणि फोडलेली पिशवी ‘संपवण्यासाठी’ मुलांच्या पराठ्यांवर थापणे हा तिचा सदुपयोग म्हणता येणार नाही. ती टाकावी लागली तर शे-दीडशे रुपयांचे नुकसान होईल. ते ज्याने आणली त्यानेच सोसावे, मुलांवर लादू नये.

मुद्दा तोच आहे. पथ्याची काही किंमत असते आणि ती घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याच्याकडून वसूल करण्याची आपली रीत आहे. ही रीत मोडायची तर पथ्य एका ताटापुरते ठेवून भागत नाही. गृहस्थांना भाकरी सांगितली असेल तर ती सर्वांसाठीच होऊ द्यावी. पालेभाजी, उसळ आणि ताक यांनी मुलांचे किंवा गृहिणीचे काही बिघडत नाही, आणि दुसऱ्या स्वयंपाकाचा तास वाचतो. गृहिणीचीही रक्ततपासणी त्याच आठवड्यात, त्याच प्रयोगशाळेत व्हावी. पुढील दिवाळीत शंकरपाळे करूच नयेत, असे कोणी म्हणत नाही. अर्ध्या किलोचे करावेत, ताजे असताना शेजारीपाजारी आणि कामाच्या बाईकडे पोचते करावेत, आणि पाडव्याला डबा घासून ठेवावा.

महिन्याच्या अखेरीस वाण्याची यादी लिहिली जाते. ती बहुतेक घरांत गेल्या महिन्याची समोर ठेवूनच उतरवतात, आणि त्यामुळे मैदा, वनस्पती तूप, पाच किलो साखर हे आपोआप कागदावर येतात; कोणी मागितलेले नसताना, केवळ मागच्या वेळी होते म्हणून. पथ्यावर असलेल्या गृहस्थांनी या खेपेस ती यादी स्वतः लिहावयास बसावे. लिहिण्यापूर्वी फडताळ उघडून प्रत्येक डबा एकदा हलवून पाहावा.