एका हाकेला ओ

आमच्याकडे किनाऱ्यावर जुनी माणसे मुलांना एक गोष्ट बजावून सांगतात. रात्री बाहेरून कोणी नावाने हाक मारली, तर एका हाकेला ओ देऊ नये. आवाज ओळखीचा असला तरी देऊ नये. भूत ओळखीच्याच आवाजात बोलावते, पण त्याला पुन्हा हाक मारता येत नाही, असे म्हणतात. "एका हाकेक भायर जाव नको," असे आजी मला लहानपणी सांगे. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे अशा समजुतींना हसण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे, असे मला वाटू लागले होते. गेल्या वर्षी ते हसू मावळले.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. काका मालवणातल्या एका नौकेवर खलाशी म्हणून समुद्रात गेला होता. दुपारी आजीच्या बटणांच्या मोबाइलवर फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता. आजीला त्यातले 'लडका', 'ॲक्सिडेंट' आणि 'पैसा' एवढेच समजले. काकाचा फोन लागेना. खोल समुद्रात रेंज कुठली? आजीजवळ पाठवायला पैसे नव्हते म्हणून ते वाचले, पण दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी काका धडधाकट घरी आला.

मला संताप आवरेना. आलेल्या नंबरावर मी फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाळा, मी कुणालाच फोन केला नाही. शिव्या देणारा तू आठवा आहेस." मी मान खाली घालून फोन ठेवला. माफी मागायचेसुद्धा राहून गेले.

हे कसे होते ते मी नंतर वाचून समजून घेतले. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणाराच लिहितो. तो खरा की खोटा हे पोस्ट तपासत नाही. फोनचेही बरेचसे तसेच आहे. आपल्या पडद्यावर उमटणारा नंबर कॉलबरोबर पलीकडून पाठवला जातो. इंटरनेटवरून कॉल करणाऱ्या ठकाला त्या जागी दुसऱ्या कुणाचाही नंबर घालता येतो. हा प्रकार केवढा मोठा आहे ते एका आकड्यावरून कळेल. परदेशातून भारतीय नंबराचे सोंग घेऊन येणारे कॉल अडवण्याची यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केली. सरकारनेच सांगितल्याप्रमाणे पहिल्या २४ तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. पण देशातच सिमकार्डांचे पेटारे बसवून परदेशी कॉल स्थानिक नंबरावरून फिरवणारेही आहेत. म्हणजे एक दार लावले तरी दुसरे उघडेच राहते.

अशा वेळी शहाणी माणसे सल्ला देतात, 'अनोळखी नंबर उचलू नका.' वाचकहो, माझे मतभेद आहेत ते इथेच. हा सल्ला ज्यांची माणसे सदैव रेंजमध्ये असतात त्यांच्यासाठी ठीक आहे. त्या फोननंतर आजीनेही तेच ठरवले. पुढे वादळी वारे सुटले तेव्हा काकाची नौका देवगड बंदरात आसऱ्याला गेली. त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. 'आम्ही सुखरूप आहोत' हे सांगण्यासाठी त्याने दुसऱ्याच्या फोनवरून तीन वेळा फोन केला. आजीने तिन्ही वेळा उचलला नाही. ती रात्र तिने देवासमोर बसून काढली. ठकाला आमच्या घरातून एक पैसाही मिळाला नाही, पण फोनवरचा विश्वास मात्र तो घेऊन गेला.

म्हणून मला वाटते, फोन उचलावा. पण पडद्यावरच्या नंबरावर भिस्त ठेवू नये. कोणी भीती घातली किंवा पैसे मागितले, की काही न बोलता फोन ठेवावा आणि आपल्या वहीतल्या, आपल्या माहितीच्या नंबरावर आपण फोन करावा. काका लागला नाही तर किनाऱ्यावर असलेल्या नौकामालकाला विचारावे. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर ताबडतोब कळवावे. पैसे गेले नसले तरी 'संचार साथी'वरील 'चक्षू' येथे तक्रार करता येते. आणि माझ्यासारखे तापट असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ज्याचा नंबर दिसतो, तोही आपल्यासारखाच फसवला गेलेला असू शकतो.

मात्र सारा भार आजीच्याच डोक्यावर टाकणे हा न्याय नव्हे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नंबराशी अशी छेडछाड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण ठक परदेशात बसला असेल तर कायद्याचा हात तिथवर पोचणे कठीण. तेव्हा जी कंपनी आपल्या पडद्यावर नंबर दाखवते, तिनेच त्याच्या खरेपणाची जबाबदारी घेतली पाहिजे.

तोवर आपण काय करावे? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, बंधारे घालतो. यंदा त्यातला एक दिवस घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना मोठ्या अक्षरांत पाच नंबरांची वही करून द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रांना नम्र विनंती आहे. आमच्या आजीची वही मी केली आहे. ती फोनशेजारीच खिळ्याला टांगलेली असते. एका हाकेला ओ देऊ नये, हे तिने मला शिकवले. उलट हाक आपण मारून पाहावी, एवढे तिला शिकवण्याची पाळी आता माझी आहे.