विश्लेषण : अक्षय ऊर्जेचे धडे रत्नागिरीच्या सड्यावर का गिरवायला हवेत?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण शिक्षणाचा आराखडा जाहीर केला. किमान चार श्रेयांकांच्या या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यालाही स्थान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयांना त्यासाठी लांब जावे लागणार नाही. ऊर्जेचे जवळपास सगळे वाद त्यांच्या दारात आहेत.

जिल्ह्यात पाहण्यासारखे काय?

जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा वारसा सांगणारा गॅसवरील प्रकल्प आहे. जैतापूरला ९९०० मेगावॉटची अणुऊर्जा प्रस्तावित आहे. मात्र विद्यार्थ्यांनी आधी पोफळीला जावे. कोयनेची वीज धूर सोडत नाही. पण त्यासाठी कृष्णा खोऱ्यातील पाणी पश्चिमेकडे वळवले जाते. वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा लवादाने दिली आहे. जनित्रे फिरवून हे पाणी वाशिष्ठीत येते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर कोळकेवाडी धरणातील विसर्गाने चिपळूणच्या पुरात भर पडली का, यावरून वाद झाला. ‘स्वच्छ’ विजेचा हिशेब कुठवर मांडायचा, हे तिथे नकाशा समोर ठेवून शिकता येते.

सौरऊर्जेत तरी अडचण कसली?

जमिनीची. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. कोकणात एवढी सपाट, उघडी जागा म्हणजे सडा. कागदावर तो पडीक किंवा पोटखराब ठरतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथे अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात, गुरे चरतात, आणि कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला लागते. कातळशिल्पेही तिथलीच, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातच सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. म्हणजे जनसुनावणीही नाही. ऊर्जा अक्षय असली म्हणजे ती शाश्वत झालीच असे नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. छतावरच्या पॅनेलचा हा प्रश्न नाही. तिथे खारा वारा, गंजणारे सांगाडे आणि चार महिन्यांचा पाऊस हे अभ्यासाचे विषय.

या शिक्षणाचा उपयोग कोणाला?

जैतापूरची जनसुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही अशी ग्रामस्थांची तक्रार होती. अहवाल हाती पडला तरी तो वाचून प्रश्न विचारणारे गावात किती, हा पुढचा मुद्दा. हे काम तिथल्याच पदवीधराला जमायला हवे.

रोजगाराचे म्हणाल तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. पॅनेल बसवणारे, दुरुस्त करणारे हात लागणारच. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर तर घरचाच प्रश्न आहे : आमसुले वाळत घातली की वळवाची सर येते. सौर वाळवणी यंत्राची गरज तिथे कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

अडते कुठे?

शिक्षकापाशी. ज्याच्या वेळापत्रकात तास रिकामे त्याच्याकडे हा विषय सोपवला, तर क्षेत्रभेटीची सहल होते आणि श्रेयांक प्रकल्पवहीवर मिळतात. भूगोल, वनस्पतिशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी यांचे अध्यापक एकत्र सड्यावर जायचे, तर त्यासाठी महाविद्यालयांनाच एकमेकांशी बोलावे लागेल.