सोळा वर्षांचे बाबा आणि सोळा आठवड्यांची लेक

ताजाबादच्या उरुसाला जाणारा नागपूरकर, मग तो हिंदू असो वा मुसलमान, एक गोष्ट अभिमानाने सांगतो. ताजुद्दीन बाबांना जगाने वेडे ठरवले, १८९२ साली पागलखान्यात टाकले. सोळा वर्षे ते तिथे होते. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना इज्जतीने आपल्या वाड्यावर आणले. १८६४ साली सुरू झालेला तो पागलखाना म्हणजेच आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथल्या बाबांच्या स्थानाला आम्ही ‘पागलखाना शरीफ’ म्हणतो. शरीफ! मग अशाच फाटकातून सोळा आठवड्यांनी बरी होऊन बाहेर पडलेल्या आमच्या लेकीला आम्ही काय म्हणतो?

धाकटीचे लग्न जमेपर्यंत हिला घरी आणू नका, म्हणतो. आणलीच तर शेजारणीला सांगतो, मामूकडे गेली होती. तिच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवतो. ती मोठ्याने हसली की घर दचकते. ती रागावली की ‘पुन्हा सुरू झाले’. मग तो राग कितीही रास्त असो. रागावण्याचा हक्क गमावलेली बाई बरी झाली, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि ती आजारी का पडली, हे कोण विचारतो? लग्नानंतर वर्षानुवर्षे मार खाल्ला, झोप उडाली, भिंतीशी बोलू लागली. घरचे तावीज आणायला धावले. मारणाऱ्याचा हात मात्र कुणी धरला नाही. औषधोपचार करून तिला पुन्हा त्याच हाताखाली नांदायला पाठवतात, आणि ती पुन्हा कोसळली की दोष तिच्या नशिबाला!

दुआला आमचा विरोध नाही. दुआच्या नावाखाली औषध बंद करण्याला आहे. तामिळनाडूत एरवाडी दर्ग्याच्या परिसरातल्या खासगी आसऱ्याला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जण गेले. ज्या परंपरेत अबू झैद अल-बल्खीने हजार वर्षांपूर्वी शरीराइतकेच मनाच्या आजारावर लिहिले, तिच्या वारसांनी साखळ्या पाहाव्यात आणि गप्प राहावे?

कायद्याची गोष्ट वेगळी नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने नवरा दोन वर्षे वेडा असेल तर बायकोला फारकत मागता येते. आमच्या पाहण्यातल्या बायका मात्र अशा नवऱ्याला हाताने गोळ्या भरवत जन्म काढतात. उलट बायको आजारी पडली की चार महिन्यांत दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी सुरू, आणि आमचे बुजुर्ग म्हणतात, ‘बिचाऱ्याने तरी काय करावे?’ बिचारी कोण, हे त्यांनी एकदा ठरवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी कुणालाही इस्पितळात ठेवता येणार नाही. पण बाहेर पडून तिने जायचे कुठे? शादीखान्यासाठी वर्गणी काढणाऱ्या आमच्या कमिट्यांना अशा बायकांसाठी चार खोल्या बांधाव्यात, असे का सुचत नाही?

बायका तग धरतात, त्यांच्या हिमतीवर. मोमिनपुऱ्यातली आमच्या ओळखीची एक जण साड्यांना फॉल लावून दोन मुले शिकवते. महिन्याला एकटीच ऑटोने गोळ्या आणायला जाते, रांगेत उभी राहते, मुले शाळेतून यायच्या आत घरी परतते. शेजारी विचारतात तेव्हा सांगते, डोळे दाखवायला गेले होते. आम्ही तिच्या हिमतीची तारीफ करू लागलो, तर तिने थांबवले. म्हणाली, “तारीफ राहू द्या, भाईजान. उरुसाला घरचे सगळे बाबांच्या दर्ग्यावर गेले. मलाच तेवढे घरी ठेवले, गर्दीत काही करून बसेल म्हणून.”

आम्हाला उत्तर सुचले नाही.