चव बाटलीत, बिघाड फुप्फुसात

ब्रिटनच्या सरकारने ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात ई-सिगारेटच्या द्रवावर दर दहा मिलिलिटरला दोन पौंड वीस पेन्स कर जाहीर केला. अंमल १ ऑक्टोबर २०२६ पासून. माल महागला की माणूस काय करतो? घरी करू लागतो. दारूच्या बाबतीत आपण हे पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. ई-सिगारेटचा द्रव घरी कालवणारे तिकडे आधीपासून होतेच. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने निकोटिनला मिलिलिटरमागे वीस मिलिग्रॅम आणि बाटलीला दहा मिलिलिटर अशी मर्यादा घातली. त्यानंतर निकोटिन नसलेली मोठी बाटली घ्यायची आणि तीत निकोटिनची छोटी बाटली ओतायची, ही दुकानातलीच रीत होऊन बसली.

या द्रवात असते तरी काय? प्रॉपिलिन ग्लायकॉल, वनस्पती तेलापासून निघणारे ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीचा अर्क. पहिला पदार्थ पातळ, चव वाहून नेणारा. दुसरा दाट, धुराचे ढग करणारा. घरी कालवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. घसा जळतो : निकोटिन जास्त झाले किंवा नीट मिसळले नाही. यंत्र गळते : मिश्रण फार पातळ झाले. वात काळी पडून करपते : गोडीसाठी घातलेला सुक्रालोज जळून चिकटला. चव लागत नाही म्हणून अर्क वाढवला तर चव आणखी मरते. त्यापेक्षा बाटली आठवडाभर ठेवून द्यावी लागते. इथवर सगळे स्वयंपाकासारखे आहे. बिघडले तर ओतून द्यावे.

हिशेबाची चूक मात्र ओतून देता येईलच असे नाही. मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमचे निकोटिन घेऊन तीन मिलिग्रॅमचा शंभर मिलिलिटर द्रव करायचा तर ते तीन मिलिलिटर घालावे लागते. दशांश चिन्ह चुकून तीस पडले तर द्रव दसपट कडक होतो. शिवाय निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून जाणकार हातमोजे घालायला सांगतात. (निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, सिन्नर-सोलापूरकडे विड्या वळणाऱ्या बायांना हातमोजे घाला असे कोणी सांगितले?)

खरा धोका याहून वेगळा आहे. तो असा की, जो दोष जिभेला, डोळ्याला, घशाला कळत नाही तो घरच्या प्रयोगात सापडतच नाही. अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉय राज्यांत धडधाकट तरुण धाप लागून रुग्णालयात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले, ६८ मेले. बहुतेकांनी गांजातील टीएचसी असलेल्या नळकांड्या ओढल्या होत्या, त्याही बहुतांशी चोरट्या बाजारातल्या. चोरट्या बाजाराची अडचण काय होती? अर्कात भेसळ केली की तो पातळ दिसतो. नळकांडी उलटी करून आतला बुडबुडा हळू चढतो का, हे गिऱ्हाईक पाहत असे. मग कालवणाऱ्यांनी तोडगा काढला : व्हिटॅमिन ई ॲसिटेट. दाट, रंगाला जुळणारे, स्वस्त. बुडबुडा हळू चढला. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात तेच सापडले. गोळीतून पोटात गेले किंवा कातडीला लावले तर सहसा त्रास न देणारे हे तेलकट द्रव्य फुप्फुसात मात्र घात करते.

खाण्याला चालते म्हणजे श्वासाला चालते, हा समज जुनाच. तो कोणी मोडला? मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांनी. तिथे लोण्याच्या चवीचा अर्क तापलेल्या तेलात मिसळला जाई. तिथे काम केलेल्या आठ जणांच्या फुप्फुसातील बारीक नळ्या कायमच्या आक्रसल्याचे २००० साली पुढे आले. संशय गेला डायअसिटिल या द्रव्यावर. लाह्या खाणाऱ्याला त्यापासून अपाय नव्हता. कढईवर वाकून वाफ हुंगणाऱ्याला होता. हेच डायअसिटिल हार्वर्डच्या संशोधकांना २०१५ मध्ये ५१ चवींच्या ई-सिगारेटींपैकी ३९ मध्ये आढळले. ई-सिगारेटमुळे तोच आजार होतो असे सिद्ध झालेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी ब्रिटनने २०१६ पासून ते या द्रवात घालण्यास बंदी केली. म्हणजे आज लंडनचा हौशी माणूस कस्टर्डच्या चवीची बाटली घेताना लेबल वाचतो, तेव्हा तो मिसुरीच्या मजुरांच्या छातीतून आलेले ज्ञान वाचत असतो. त्या मजुरांना हे आधी कोणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे काय आहे? १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने अध्यादेश काढला, डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विडी-सिगारेट मात्र उघड्यावर चालू. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बंदी चूक होती असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या मालाला कायदाच ओळखत नाही त्याला लेबल नसते, परवाना नसतो, तक्रारीची खिडकी नसते. चोरून बाटली घेणाऱ्या मुलाने आत काय आहे हे कोणाला विचारायचे? पोलीस छापा घालतात, नग मोजतात, किंमत वर्तमानपत्रात येते. त्या नगांतील द्रव प्रयोगशाळेत जातो की नाही? जात असेल तर त्याचे निष्कर्ष, द्रव्यांच्या नावांसह, अन्न व औषध प्रशासनाने मराठीत जाहीर करावेत आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लावावेत. जात नसेल तर पुढच्या छाप्यापासून पाठवावा.