ताटातील धान्य आणि शेतकऱ्याचा वाटा

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातील आजारपणाचा संबंध रासायनिक शेतीतील अन्नाशी जोडला आणि देशी वाणांची बीज बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. अशी चळवळ टिकते ती ग्राहकाच्या आधारावर. त्या डोंगराळ भागात नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दात नसलेल्या ज्येष्ठांनाही तिची आंबील सहज घेता येते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धान्य शक्यतो शेतकरी गटाकडून थेट घ्यावे, भावात घासाघीस टाळावी. ज्येष्ठांना आठवणाऱ्या भात-वालाच्या जुन्या वाणांची नावे घरच्यांनी लिहून ठेवावीत. बियाणे शोधणाऱ्यांना ती उपयोगी पडतील.